जमादारांच्या पागेतली शाळा

खडूचं आणि किश्शांचं सारखंच असतं. पदर कितीही झटकला तरी घरी गेल्यावर घडीतून थोडा निघतोच. परभणीच्या अरब मोहल्ल्यातल्या शाळेत मी मराठी शिकवायला होते. तिथले किस्से इतके साठलेत की मैत्रिणी म्हणतात, "तू तिथं शिकवत कधी होतीस गं?"

शिकवत होते. पण पहिल्याच दिवशी काहीतरी चुकतंय असं वाटलं, ते चपलांवरून.

शाळा जुन्या पागेत भरायची. निजामाच्या फौजेत चाकरी करायला या लोकांचे आजे-पणजे समुद्रापलीकडून, हद्रमौत नावाच्या अरबी मुलखातून आले आणि इथेच राहिले. गावात त्यांना चाऊस म्हणतात. पुढे निजामाचं राज्य गेलं, फौज गेली, घोडे गेले, पागा तेवढी उरली. तिच्यात मौलवी नसीरसाहेबांनी शाळा काढली. घोड्यांच्या खणांत मुलं बसायची आणि अगदी आतल्या खणात, तरटाचा पडदा लावून, मुलींचा वर्ग.

त्या पडद्याबाहेर मुलींच्या चपला होत्या. नीट ओळीत, पण सगळ्यांची तोंडं बाहेर! आपण चपला काढून आत जातो तेव्हा त्यांची तोंडं आत असतात. इथे सगळ्या जणी जणू उलट्या पावलांनी आत गेल्या होत्या. उलट्या पावलांची कोण असते, ते मी लहानपणी पुष्कळ ऐकलेलं. अंगावर काटाच आला. बी.ए. झालेली बाई मी, पण पडदा सारायला हात होईना.

मौलवीसाहेब मागून आले. पांढरी दाढी, जिंतूरकडचा माणूस. माझ्याशी मराठी बोलत, मोहल्ल्याशी दखनी.

"घाबरू नका बाई," ते म्हणाले. "पोलिस अ‍ॅक्शनच्या वेळी, निजामाचं राज्य गेलं तेव्हा पळापळ झाली ना, तेव्हापासूनची सवय आहे. पळायची वेळ आली तर चपला शोधत बसायला नको."

"पण तेव्हा या मुली केवढ्याशा असतील!"

"आया लावतात, म्हणून यासुद्धा लावतात."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चपला काढल्या आणि गुपचूप त्यांची तोंडं बाहेर करून ठेवली. मौलवीसाहेबांनी पाहिलंच.

"तुम्हीसुद्धा बाई?"

"साहेब, या सगळ्यांत आधी मीच पळणार आहे!"

पडद्याआड एक मुलगी फसकन हसली. ती मरियम. पागेचे मालक सालेह जमादार, त्यांची नात. जमादार म्हणजे निजामाच्या अरब फौजेतला सरदार; फौज गेली तरी घराण्याला तो मान राहिला. तिच्या पाठोपाठ सगळा वर्ग हसला. मौलवीसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लक्षात ठेवा बाई, हा वर्ग या एका पोरीवर उभा आहे. जमादारांची मरियम येते, म्हणून मोहल्ला आपल्या पोरी पाठवतो. ती ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तुम्ही आणि मी भिंतींना शिकवू."

मला रात्री झोप लागेना ती तेव्हापासून.

* * *

जमादार सालेहसाहेब हद्रमौतला कधीच गेलेले नव्हते. त्यांचे वडीलही गेले असतील की नाही, शंकाच. तरी बोलण्यात सारखं "हमारा मुल्क". कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की शाळेत मुलांना मुलूक विसरायला लावतात.

एके सकाळी पागेच्या फरशीवर काठीचा आवाज आला. माझ्या हातातला खडू पडला. जमादार मुलांच्या वर्गात शिरले आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले.

"मौलवी! हमारा मुल्क किधर है?"

मौलवीसाहेबांनी बोट ठेवलं. बोटाखाली हद्रमौत पूर्ण झाकलं गेलं. जमादारांनी बोट बाजूला करायला लावलं, बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. मुलूक जागेवर होता.

"और परभनी?"

आता पंचाईत झाली. जगाच्या नकाशात परभणी कुठली असायला! मौलवीसाहेबांनी हळूच सांगितलं की यात परभणी नाही.

जमादार भडकले. "जिसमें हम रहते वो गाँव नहीं, वो नक्शा तुमकू बेचा कौन?"

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली तर नकाशात परभणी होती! वाड्याच्या दरवाजाला ठोकतात तसला वाटोळ्या टोपीचा खिळा जमादारांनी माणूस पाठवून ठोकून घेतला होता. त्या टोपीखाली परभणीबरोबर नागपूर, हैदराबाद आणि अर्धी मुंबई गेली. शाळा सुटेपर्यंत मुलं भूगोलात एवढंच लिहीत होती, की हिंदुस्थानात परभणी आहे आणि तिच्याभोवती समुद्र आहे.

* * *

रमजानात मौलवीसाहेब एक दिवस शाळेतच इफ्तार ठेवत. मोहल्ल्याबाहेरच्या लोकांना मुद्दाम बोलवत. पोस्टमास्तर, कापसाचे व्यापारी, चौकीचे फौजदार. त्यांचं म्हणणं असं, की लोक आपल्याला दुरून पाहतात आणि दुरून माणूस नेहमी असतो त्याहून रागीट दिसतो.

मलाही बोलावलं होतं. सगळे गप्प बसलेले, समोर टेबलावर खजूर, पाणी. रोजा सुटल्याची खूण म्हणून मशिदीजवळ गोळा उडवतात, हे मला सगळ्यांनी सांगितलं असेल. मी ते विसरले असेन.

गोळा उडाला. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी टेबलाखाली होते आणि तिथे माझ्याआधी फौजदार होते!

मौलवीसाहेबांनी टेबलक्लॉथ उचलून आत पाहिलं. "बाई, फौजदारसाहेब, खजूर वर आहेत."

* * *

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतर पुण्याकडचे एक इन्स्पेक्टर तपासणीला आले. मुलींचा वर्ग सातवीपर्यंत न्यायचा की चौथीतच थांबवायचा, हे त्यांच्या शब्दावर होतं. मरियम तेव्हा नेमकी चौथीत! मी सकाळपासून तीनदा देवाला नमस्कार केला होता.

जमादारांना कळलं की सरकारी पाहुणा आपल्या पागेत येतोय. त्यांनी आपल्या जुन्या माणसाबरोबर कहवा पाठवला. हा अरबी कहवा, सुंठ घातलेला, कडू, चिमुकल्या कपातून देतात. त्याची रीत अशी, की कप रिकामा झाला की वाढणारा पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर तोंडाने बोलायचं नाही, कप नुसता हलवायचा. तोंडाने नको म्हटलं तर पाहुणा लाजतोय असं समजून आणखी वाढतात.

इन्स्पेक्टरांनी पहिला कप संपवून टेबलावर ठेवला. माणसाने भरला. दुसरा संपवला. भरला.

"नको, नको, पुरे."

भरला.

मी मौलवीसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसलेले. मी पुटपुटले, "सांगा ना त्यांना!" ते तसेच पुटपुटले, "पाहुण्याला रीत शिकवणं म्हणजे त्याचा अपमान. आमच्यात चालत नाही."

इन्स्पेक्टरही भले गृहस्थ. समोर भरलेला कप टाकून उठणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते पीत गेले. डोळे मोठे होत गेले. बोलण्याचा वेग वाढला. त्यांनी मुलींना कविता म्हणायला लावली, ती संपायच्या आत शाबासकी दिली, पाढे विचारले आणि उत्तरंही स्वतःच दिली. शेवटी सुंठीने आणि कहव्याने त्यांचा हातच थरथरू लागला. हातातला कप हलला.

माणूस लगेच थांबला. अदबीने वाकला आणि किटली घेऊन निघून गेला.

"सातवी? सातवी कशाला," इन्स्पेक्टर उभे राहून म्हणाले, "मॅट्रिकपर्यंत न्या!" आणि पायीच स्टेशनाकडे निघाले. टांगेवाला मागे मागे.

* * *

मौलवीसाहेबांचा इस्लाम आवाज न चढवणारा होता. वर्गात ते धर्माची मोठमोठी तत्त्वं सांगत नसत. खोटं न बोलणं, पाणी सांडून न ठेवणं, दुसऱ्याच्या देवाला नावं न ठेवणं, असलं सांगत आणि ते करायला लावत. एकदा 'शेजाऱ्याचा हक्क' हा धडा घेतला. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला एवढाच नाही, आपल्या घरापासून चाळिसाव्या घरापर्यंत सगळे शेजारीच. मग गृहपाठ दिला की प्रत्येकीने दूरच्यात दूर शेजाऱ्याला काहीतरी गोड नेऊन द्यायचं.

मुलींनी घरं मोजली. मरियमची मोजणी मोहल्ला ओलांडून, मारुतीच्या देवळावरून, थेट मी जिथे खोली घेऊन राहत होते त्या दाराशी येऊन थांबली!

माझ्या घरमालकीण गोदाकाकू. पोखर्णीकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. दारात अरबाची पोर, हातात पितळी वाटी, वाटीत खजुराचा शिरा. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग माझ्याकडे.

"हे कशापायी?"

"गृहपाठ आहे, काकू," मी म्हणाले.

काकूंनी शिरा ठेवून घेतला. पण वाटी रिकामी परत कशी द्यायची? त्यांनी तीत बेसनाचे लाडू घातले. वाटी जमादारांच्या घरी गेली. आता तिकडेही रिकामी वाटी परत पाठवणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं. तिकडून शेवया आल्या. इकडून तिळाची पोळी गेली. तिकडून शिरखुर्मा. इकडून करंज्या.

ती वाटी काही थांबेना. परीक्षा झाली, सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली. वाटी आपली चालूच!

शेवटी एक दिवस काकू माझ्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, त्या मौलवीला इचारा, धडा संपतो कवा? माझं तूप संपाया आलंय!"

* * *

मरियम सातवीत गेली त्या वर्षी जमादारांकडे हैदराबादहून एक पाहुणे आले. लांबचे नातेवाईक. इस्त्रीची शेरवानी, अत्तर आणि प्रत्येक गोष्टीवर मत. मोहल्ल्यातल्या लोकांना ते सांगत फिरू लागले की इथला दीन, म्हणजे धर्म, पातळ झालाय, मौलवी पोरींना मराठी शिकवतो, हिंदू बाई ठेवतो, फौजदाराला इफ्तारला बसवतो.

एक दिवस ते शाळेतच आले. पाचसहा बापेही सोबत आले, तमाशा बघायला. मी पडद्याआड. मुलींच्या पेन्सिली थांबल्या.

"मौलवीसाब," पाहुणे म्हणाले, "लडकियाँ लिखना सीखीं तो पराए मर्दों कू चिट्ठियाँ लिखेंगी!"

मौलवीसाहेब अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "और पढना नहीं सीखीं, तो मर्दों की आई हुई चिट्ठियाँ किससे पढवाएँगी? आपसे?"

बापे हसले. मुली हसल्या. मीसुद्धा तोंडाला पदर लावून हसले. पाहुणे हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मौलवीसाहेब ओट्यावर एकटेच बसले होते. म्हणाले, "बाई, आज माझी जीभ घसरली. समोरच्याला चारचौघांत खाली पाहायला लावलं. मी पोरींना हे शिकवत नाही."

सोमवारी मरियम आली नाही.

* * *

कळलं ते असं. पाहुण्यांनी जमादारांना सांगितलं की ज्या शाळेत शहाण्या माणसाची थट्टा होते तिथे घरंदाज मुलगी बसत नाही. मरियमसाठी त्यांच्या मुलाचं स्थळही पुढे केलं. येत्या रविवारच्या गाडीने जमादार तिला हैदराबादला घेऊन जाणार, बोलणी तिथे होणार. सातवीची परीक्षा पंधरवड्यावर आलेली. मंगळवारी आणखी मुली आल्या नाहीत. गुरुवारी वर्गात मी आणि एक लहानगी, तीही घरी कुणी नव्हतं म्हणून आलेली.

"तुम्ही जमादारांना भेटा ना," मी मौलवीसाहेबांना म्हणाले.

"तीच तर चूक होईल. जमादार अजून 'नाही' म्हणालेले नाहीत, नुसती पोर पाठवलेली नाही. मी विचारलं तर म्हणतील. आणि सालेह जमादार एकदा नाही म्हणाले की ती 'नाही' त्यांच्या स्वतःच्याही हातात राहत नाही."

"मग?"

"विचारायचं तर जनान्यात. बेगमसाहेबांना. तिथे मी जाऊ शकत नाही."

मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

जमादारांच्या बेगमसाहेबांना मोहल्ल्याबाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि आवाज तर मोहल्ल्यातल्या लोकांनीही ऐकलेला नव्हता. जमादारांच्या वडिलांनी ती सून थेट मुलखातून, जहाजाने आणवली, असं सांगत. शुद्ध अरब घर म्हणून जमादारांचा जो मान होता तो तिच्यामुळे.

"शुक्रवारी जा," मौलवीसाहेब म्हणाले. "दुपारी पुरुष मशिदीत असतात. मागच्या गल्लीत जनान्याचं दार आहे. बाहेरून सलाम करायचा. उत्तर आलं नाही तर पुन्हा. तिसऱ्या सलामाला उत्तर आलं नाही, तर मुकाट परत यायचं. आमची रीतच आहे, दुसऱ्याच्या घरावर जबरदस्ती करायची नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मी खुतबा जरा लांबवतो."

मौलवीसाहेबांचं प्रवचन आखूड म्हणून लोक लांबून त्यांच्या मशिदीत यायचे. माझ्यासाठी हा माणूस आपलं नाव घालवायला निघाला होता.

शुक्रवारी मी मागच्या गल्लीत गेले. ऊन चढलेलं, गल्लीत कुणी नाही. एक शेळी होती, तिला पाहूनही दचकले. उंच दार, लोकांनी येता-जाता हात लावून काळं पडलेलं.

"अस्सलामु अलैकुम," मी म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आलं नाही. पण मोजणीत तो सलाम धरावाच लागणार होता.

दुसरा जरा मोठ्याने केला. आत खलबत्त्यात काहीतरी कुटत होते, ते थांबलं. बस, तेवढंच.

तिसरा अगदी घसा मोकळा करून केला. आवाज नाही. मग कुटणं पुन्हा सुरू झालं.

संपलं. रीत म्हणजे रीत. मी वळले. गल्लीच्या टोकापर्यंत गेलेसुद्धा. पलीकडे मशिदीतून मौलवीसाहेबांचा आवाज येत होता, कुठलीतरी लांबलचक गोष्ट ते तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगत होते आणि मध्येच कुणीतरी खोकून त्यांना वेळेची आठवण देत होतं.

आणि मला वाटलं, सलामांना तीनची मर्यादा आहे. आपल्याकडच्या हाकेला कुठे आहे? गोदाकाकू शेजारच्या दाराशी उभ्या राहिल्या की दार उघडेपर्यंत हाका मारायच्या थांबतात थोड्याच!

मी परत आले. पदर खोचला. तोंडातून काय निघेल ते मलाही माहीत नव्हतं.

"अहो आजी!"

शेळी पळाली.

"ओ आजी! आहात का घरात? मी मरियमची बाई! शाळेतली! आजी, परीक्षा आली हो तिची! पोर हुशार आहे, एवढी परीक्षा देऊ द्या! ओ आजी!"

समोरच्या माडीची खिडकी उघडली. शेजारची उघडली. माझा आवाज काही थांबेना. मशिदीतला आवाज आता थांबला होता. नमाज सुरू झाली असणार. ती संपली की जमादार याच गल्लीतून येणार.

"अहो आजी, ऐकता का! आजी!"

खलबत्ता थांबला. बांगड्या वाजल्या. आणि दाराच्या अगदी पलीकडून खणखणीत आवाज आला,

"आगं ए पोरी, समदी गल्ली गोळा करतीस का आता? दाराला कडी न्हाई, ढकल अन् ये आत. तेल लावायलेय मी नातीच्या डोक्याला. येणी झाली की घिऊन जा तिला साळंत!"